एका ट्रायलमध्ये अनेक प्रश्न: पाच टक्क्यांचा हिशेब आधीच कसा मांडायचा

बेळगाव, चिकोडी, निपाणीकडचे एम.डी., एम.फार्म. किंवा आयुर्वेदाचे पदव्युत्तर विद्यार्थी ट्रायलचा (औषधाच्या चाचणीचा) सिनॉप्सिस लिहायला बसतात, तेव्हा पहिला आराखडा बहुतेक वेळा असा निघतो: तीन गट, पाच मोजमापं, चार भेटी. कागदावर आटोपशीर दिसतो. आता मोजा. तीन गटांच्या जोड्या तीन, गुणिले पाच मोजमापं, गुणिले चार भेटी, म्हणजे ६० तुलना झाल्या. औषधात काडीचाही गुण नसला तरी ०.०५ ची रेघ लावून बसलात तर ६० पैकी सरासरी ३ ठिकाणी सॉफ्टवेअर ‘फरक लक्षणीय’ असं सांगणारच. मग निष्कर्षाच्या पानावर त्याच तीन ओळी ठळक होतात, उरलेल्या ५७ परिशिष्टात जातात. पुढे त्या तीन ओळींवर विसंबून कोणीतरी खऱ्या पेशंटला ते औषध लिहून देतं.

हा हिशेब डेटा यायच्या आधी मांडायचा असतो. आकडे हातात आल्यावर पद्धत शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून खालच्या पायऱ्या प्रोटोकॉल लिहिताना ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: धोका किती वाढतो ते स्वतः काढून पाहा

एका कसोटीत खोटा ‘फायदा’ दिसण्याची शक्यता आपण ५ टक्के मान्य करतो. या मर्यादेला अल्फा म्हणतात. औषधात गुण नसताना आलेल्या फरकाइतका किंवा त्याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू; ती अल्फाच्या रेघेखाली आली तर फरक ‘लक्षणीय’. एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक कसोट्या केल्या तर निदान एकीत तरी फसण्याची शक्यता काढायचं सूत्र सोपं आहे: १ मधून ०.९५ चा कसोट्यांच्या संख्येइतका घात वजा करा. दोन कसोट्यांना ९.७५ टक्के, तीनला १४.३, पाचला २२.६, दहाला ४०.१ आणि वीसला ६४.२ टक्के.

दहाचा आकडा लक्षात ठेवा. बेळगाव जिल्ह्याचे जुने तालुके दहा. एखादं निरुपयोगी औषध जिल्हाभर देऊन प्रत्येक तालुक्याचा निकाल वेगळा तपासला, तर अथणी नाहीतर रामदुर्ग, कुठेतरी ते ‘लागू पडल्याचं’ दिसण्याची शक्यता ४० टक्के आहे. मग त्या तालुक्याचं पाणी, तिथला आहार, तिथली ज्वारी अशी कारणं शोधायला माणूस लगेच तयार होतो.

मोजमापं एकमेकांशी निगडित असतील, उदाहरणार्थ हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याचं मोजमाप), तर वाढ एवढी होत नाही. पण ती शून्यही होत नाही. म्हणून अनेक कसोट्यांसाठी रेघ कडक करावी लागते; यालाच दुरुस्ती म्हणतात. ‘आमची मोजमापं संबंधित आहेत म्हणून दुरुस्ती केली नाही’ हे वाक्य गाइडसमोर टिकणार नाही.

पायरी २: कोणते प्रश्न एका कुटुंबातले ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पद्धत निवडणं नंतरचं आणि त्या मानाने सोपं काम आहे. ज्या प्रश्नांपैकी कोणत्याही एकाचं उत्तर ‘हो’ आलं तरी तुम्ही ‘औषध उपयोगी’ असं जाहीर करणार आहात, ते सगळे प्रश्न एक कुटुंब. ५ टक्क्यांची पुंजी त्या अख्ख्या कुटुंबात मिळून एकच.

आपल्याच जिल्ह्यातली एक ट्रायल या बाबतीत नमुना म्हणून वाचावी अशी आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडावाटे देऊन त्याची प्लासिबोशी (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीशी) तुलना झाली. १,६२० बायका, औषध देणाऱ्या एएनएम सिस्टर (गावपातळीवरच्या आरोग्यसेविका), निकाल २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध. रक्त मोजायला बाईच्या खाली मापखुणा असलेली प्लास्टिकची झोळी लावलेली. आता विचार करा, एका झोळीतून किती प्रश्न निघू शकतात: ५०० मि.लि.च्या वर गेलेल्या किती, १,००० च्या वर किती, सरासरी स्राव किती, पहिल्या तासात किती, दोन तासांत किती, रक्त किती जणींना द्यावं लागलं, दवाखान्यात किती जणींना हलवावं लागलं. सात प्रश्न, आणि प्रत्येकाची पी-व्हॅल्यू वेगळी येणार. संशोधकांनी मुख्य प्रश्न एकच धरला होता: दोन तासांत ५०० मि.लि. किंवा जास्त स्राव. तो १२.० टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. सरासरी स्राव २६२ वरून २१४ मि.लि. झाला, ही दुय्यम माहिती म्हणून आली. मुख्य प्रश्न एक असला की दुरुस्तीची गरजच राहत नाही, आणि निकालाबद्दल वाद घालायला जागाही फार राहत नाही. शक्य असेल तिथे हाच रस्ता धरा.

काही गोष्टी कुटुंबात मोजायच्या नसतात. सुरुवातीच्या तक्त्यात वय, वजन, लिंग यांच्यासमोर पी-व्हॅल्यूचा रकाना घालायची थिसिसमध्ये फार सवय आहे. रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी) नीट झालं असेल तर तिथला प्रत्येक फरक योगायोगाचाच असतो, मग कसोटी कशाची करायची? तो रकाना काढून टाका. त्याच मुख्य प्रश्नाचं उत्तर गळालेल्या पेशंटचा हिशेब वेगळा धरून पुन्हा तपासणं, हाही नवा प्रश्न नाही. मात्र कोणतं विश्लेषण मुख्य ते आधी लिहिलेलं हवं. नाहीतर तीन विश्लेषणांतलं गोड ते उचललं जातं.

आपल्या भागात हमखास येणारा एक प्रश्न: संमतीपत्र आणि प्रश्नावली कन्नड आणि मराठी अशा दोन भाषांत असते, मग ते दोन प्रश्न झाले का? नाही. भाषेनुसार थर करून (प्रत्येक भाषेच्या पेशंटची गटवाटणी वेगळी करून) रँडमायझेशन केलं आणि विश्लेषणात भाषा हा घटक धरला, तर प्रश्न एकच राहतो. ‘मराठी बोलणाऱ्यांत गुण आला का’ आणि ‘कन्नड बोलणाऱ्यांत आला का’ असं वेगवेगळं विचारलंत की ते दोन झाले.

भेटींचंही तेच. चौथा, आठवा, बारावा आठवडा असेल तर मुख्य आठवडा एक निवडा. निवडताना कॅलेंडर बघा: ऊसतोडीच्या हंगामात बारावा आठवडा पडला तर मजूर कुटुंबं फडावर गेलेली असतात, भेटी चुकतात. आणि मग आठव्या आठवड्याला मुख्य करायचा मोह होतो.

पायरी ३: ‘एक जिंकलं तरी पुरे’ की ‘दोन्ही जिंकायला हवेत’?

दोन मुख्य मोजमापं आहेत असं नुसतं लिहून भागत नाही. वेदना कमी झाली किंवा हालचाल सुधारली, यांपैकी एक चालेल असं म्हणणार असाल तर फसायच्या वाटा दोन, म्हणून अल्फा वाटावाच लागतो. दोन्ही सुधारले तरच औषध यशस्वी म्हणणार असाल तर अल्फाला हात लावायची गरज नाही, दोन्ही कसोट्या ०.०५ वरच करा. पण तिथे भुर्दंड दुसरीकडे बसतो. प्रत्येक मोजमापासाठी पॉवर (खरा गुण असेल तर तो पकडण्याची शक्यता) ८० टक्के ठेवली आणि मोजमापं स्वतंत्र असली तर दोन्ही जिंकायची शक्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्केच. दोन्ही मिळून ८० च्या आसपास हवी असेल तर प्रत्येकाची ९० धरून सॅम्पल काढा. बरेच जण हा गुणाकार विसरतात आणि ट्रायल अर्ध्यावर आल्यावर पेशंट कमी पडल्याचं लक्षात येतं.

पायरी ४: पद्धत निवडा

बॉन्फेरोनी. अल्फाला प्रश्नांच्या संख्येने भागा. चार प्रश्न असतील तर प्रत्येकाची रेघ ०.०१२५. संबंध कसाही असो, ही पद्धत चुकत नाही. दोष एवढाच की ती गरजेपेक्षा कडक आहे.

होल्म. १९७९ ची पद्धत. बॉन्फेरोनीइतकीच सुरक्षित, आणि कधीच तिच्यापेक्षा कमी फळ देत नाही. त्यामुळे सगळे प्रश्न सारख्या महत्त्वाचे असतील तर नवख्या माणसाने डोळे झाकून होल्म घ्यावी असं आमचं मत आहे. कृती: पी-व्हॅल्यू लहानाकडून मोठीकडे लावा. पहिली ०.०५ भागिले ४ शी ताडा, दुसरी भागिले ३ शी, तिसरी भागिले २ शी, चौथी पूर्ण ०.०५ शी. जिथे पहिल्यांदा अडकाल तिथे थांबा. पुढची कितीही लहान दिसली तरी ती गेलीच.

हॉखबर्ग. १९८८. रेघा त्याच, पण चढायचं उलट्या बाजूने: सगळ्यात मोठ्या पी-व्हॅल्यूपासून सुरुवात. पहिली जी रेघेखाली येईल ती आणि तिच्याहून लहान सगळ्या पास. फळ जास्त मिळतं, पण मोजमापं स्वतंत्र किंवा एकाच दिशेने हलणारी असावी लागतात. ते नक्की माहीत नसेल तर होल्मवरच राहा.

डनेट आणि ट्युकी. तीन किंवा जास्त गट असतील तेव्हा. सगळे गट एकाच कंट्रोलशी (तुलनेसाठी ठेवलेल्या गटाशी) ताडायचे असतील तर डनेट (१९५५), प्रत्येक जोडी ताडायची असेल तर ट्युकी. कंट्रोल गट सामायिक असल्यामुळे तुलना आपोआप निगडित असतात आणि डनेट त्याचा फायदा उठवते. मोठ्या, सारख्या आकाराच्या गटांत दोन तुलनांसाठी कसोटीच्या आकड्याला (फरक भागिले त्याची प्रमाणत्रुटी) बॉन्फेरोनीमध्ये २.२४ ओलांडावे लागतात, डनेटमध्ये २.२१. फरक एवढाच, त्यामुळे दोनच तुलना असतील तर यावर वेळ घालवू नका.

ठरावीक क्रम. प्रश्न महत्त्वाप्रमाणे आधीच ओळीत लावा. पहिला पूर्ण ०.०५ वर तपासा. जिंकला तरच दुसरा, तोही पूर्ण ०.०५ वर. हरलात की पुढचं दार बंद. अल्फा अजिबात वाटला जात नाही, हे मोठं आकर्षण. उलट बाजू अशी की पहिलाच प्रश्न ०.०६ वर अडकला तर दुसऱ्याचा ०.०००१ आला तरी त्यावर दावा करता येत नाही. म्हणून दोन डोसच्या ट्रायलमध्ये आधी मोठा डोस, मग लहान, असा क्रम लावतात. मोठ्यात गुण दिसायची शक्यता जास्त असते.

पाटाचं पाणी. घटप्रभेच्या कालव्यावर शेती करणाऱ्यांना ही पद्धत समजवावी लागत नाही. वरच्या शेताचं भिजून झालं की बारं मोडून पाणी खालच्या शेताला जातं, भिजलंच नाही तर खाली जात नाही. २००९ मध्ये मांडली गेलेली आलेख पद्धत अशीच चालते. प्रत्येक प्रश्न म्हणजे एक गोल, त्यात सुरुवातीचा अल्फा लिहिलेला. गोलांमध्ये बाण, आणि बाणावर किती हिस्सा पुढे जाणार तो आकडा. प्रश्न जिंकला की त्याचा अल्फा बाणांवरून पुढे सरकतो, हरला की तिथेच राहतो. एका गोलातून बाहेर जाणाऱ्या बाणांची बेरीज १ पेक्षा जास्त होता कामा नये आणि सुरुवातीच्या अल्फांची बेरीज ०.०५ च्या वर जाता कामा नये. मुख्य आणि दुय्यम प्रश्न एकाच चित्रात बसवायचे असतील तर यासारखी सोय नाही. आधी कागदावर पेन्सिलीने काढा. गाइडला, एथिक्स कमिटीला, आकड्यांशी फारसं सख्य नसलेल्या डॉक्टरलाही ते चित्र समजतं.

बेंजामिनी-हॉखबर्ग. १९९५ ची ही पद्धत वेगळंच वचन देते: जाहीर केलेल्या निष्कर्षांपैकी खोट्यांचं सरासरी प्रमाण ५ टक्क्यांवर रोखणं. हजारो जनुकं चाळताना ती योग्य. औषध मंजुरीसाठीच्या मुख्य प्रश्नांना ती लावू नका. तिथे एकही खोटा दावा निघायची शक्यता रोखायची असते.

सारख्या वाटण्या करायची सक्ती कुठेच नाही. महत्त्वाच्या प्रश्नाला ०.०४ आणि दुसऱ्याला ०.०१ असंही चालतं. पण वाटणी विचारपूर्वक करा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कार्व्हेडिलॉल देण्याची कॅप्रिकॉर्न ही ट्रायल २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. पेशंट १,९५९. मूळ मुख्य प्रश्न होता कोणत्याही कारणाने होणारा मृत्यू. ट्रायल चालू असताना तो बदलून ‘मृत्यू किंवा हृदयाच्या कारणाने भरती’ या जोडप्रश्नाला ०.०४५ दिले आणि नुसत्या मृत्यूला ०.००५ उरले. निकालात जोडप्रश्नात फरक सिद्ध झाला नाही. मृत्यू मात्र १५ टक्क्यांवरून १२ वर आले होते, पी-व्हॅल्यू ०.०३. मूळ आराखड्यात ते यश ठरलं असतं. नव्या वाटणीत ०.००५ ची रेघ ओलांडता आली नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडायचं नाही.

पायरी ५: एक उदाहरण हाताने सोडवा

गरोदरपणातला ॲनिमिया हा आपल्याकडचा रोजचा विषय. कर्नाटक आणि राजस्थानात ४,३२० गरोदर महिलांवर झालेल्या रॅपिडआयर्न ट्रायलमध्ये बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज सहभागी होतं. तिचा आराखडा तीन गटांचा: लोहाच्या गोळ्या, आणि शिरेतून एकदाच द्यायची दोन वेगवेगळी लोह-इंजेक्शनं. मुख्य मोजमापं दोन: आईचा ॲनिमिया जाणं आणि बाळाचं वजन कमी भरणं. दोन तुलना गुणिले दोन मोजमापं, म्हणजे चार प्रश्न. आपण फक्त हा साचा घेऊ. खालचे आकडे त्या ट्रायलचे नाहीत, सरावासाठी मांडलेले आहेत.

समजा चार पी-व्हॅल्यू आल्या: ०.००३, ०.०१४, ०.०३० आणि ०.०४१.

काहीच दुरुस्ती केली नाही तर चारही पास. बॉन्फेरोनीची रेघ ०.०१२५, तिच्याखाली फक्त ०.००३. होल्ममध्ये ०.००३ ही ०.०१२५ खाली, पास. ०.०१४ ही ०.०१६७ खाली, पास. ०.०३० ला ०.०२५ ची रेघ, अडकली. इथे थांबायचं. ०.०४१ ही ०.०५ पेक्षा लहान असली तरी तिच्याकडे बघायचंच नाही. हॉखबर्ग शेवटून निघते: ०.०४१ ही ०.०५ च्या आत, त्यामुळे चारही पास. तेच चार आकडे, पद्धतीनुसार एक, दोन किंवा चार विजय. निकाल बघून पद्धत निवडायला मनाई का, याचं उत्तर या एका ओळीत आहे.

पायरी ६: सॉफ्टवेअरमध्ये करताना

‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये पी.ॲडजस्ट नावाचं फंक्शन तयारच असतं. वरचे चार आकडे देऊन होल्म मागितलं की उत्तर येतं: ०.०१२, ०.०४२, ०.०६०, ०.०६०. शेवटचा आकडा दोनदा का आला, असा गोंधळ पहिल्यांदा बघणाऱ्याचा होतो. चौथ्याला १ ने गुणून ०.०४१ यायला हवे होते. पण आधीचा ०.०६० वर अडकलेला असल्यामुळे त्याच्या मागच्याला त्याहून खाली येता येत नाही. आपण हाताने ‘थांबलो’, तेच फंक्शन अशा रीतीने सांगतं.

हे आलेले आकडे थेट ०.०५ शी ताडायचे. सगळ्यात जास्त चुका याच जागी होतात. एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या पोस्ट-हॉक (गटांच्या जोड्या ताडणाऱ्या) तक्त्यात बॉन्फेरोनी निवडलं की दाखवलेली पी-व्हॅल्यू आधीच तुलनांच्या संख्येने गुणलेली असते. ती पुन्हा तीन तुलनांच्या ०.०१६७ या रेघेशी ताडली तर दुरुस्ती दोनदा झाली आणि खरा गुणही हातचा गेला. नियम साधा: आकडा वाढवला असेल तर रेघ हलवू नका, रेघ हलवली असेल तर आकडा जसाच्या तसा ठेवा.

आणखी दोन खड्डे. एक, फक्त लहान दिसणाऱ्या पी-व्हॅल्यू निवडून फंक्शनला देणं. कुटुंबात दहा प्रश्न असतील तर दहाही द्यायचे. दुसरा, एखादी पी-व्हॅल्यू निघालीच नाही आणि जागा रिकामी राहिली, तर हे फंक्शन ती सोडून देऊन उरलेल्यांचीच संख्या धरतं. चारऐवजी तीनने गुणाकार होतो आणि कुठलाही इशारा येत नाही. अशा वेळी प्रश्नांची मूळ संख्या स्वतः लिहून द्या.

पायरी ७: मध्येच डोकावणार असाल तर

अर्धे पेशंट झाल्यावर निकाल पाहणं हाही आणखी एक प्रश्नच. दर वेळी ०.०५ ची रेघ धरून दोनदा पाहिलं तर एकूण धोका ८.३ टक्के, तीनदा १०.७, पाचदा १४.२ टक्के. पोकॉकची १९७७ ची पद्धत प्रत्येक वेळी सारखी रेघ देते: दोनदा पाहायचं तर दोन्ही वेळा ०.०२९४, पाचदा तर ०.०१५८. ओब्रायन-फ्लेमिंग (१९७९) सुरुवातीला हात फार आखडता घेते. दोनदा पाहताना पहिल्या खेपेला ०.००५ आणि शेवटी ०.०४८. शेवटच्या विश्लेषणासाठी जवळजवळ सगळी पुंजी शिल्लक राहते, म्हणून बहुतेक ट्रायलमध्ये हीच योग्य ठरते. डोकावायची वेळ आधी पक्की सांगता येत नसेल तर लॅन आणि डीमेट्स यांची अल्फा खर्चायची १९८३ ची पद्धत वापरा. ‘सहज बघितलं, निर्णय घेतला नाही’ हे इथे चालत नाही. निकाल चांगला असता तर थांबला असता ना? मग तो मोजायलाच हवा.

पायरी ८: उपगटांपाशी जपून

१९८८ ची इसिस-२ ही ट्रायल, १७,१८७ हृदयविकाराचे पेशंट. ॲस्पिरिनमुळे मृत्यू स्पष्ट कमी झाले. उपगटांचे धोके दाखवण्यासाठी संशोधकांनी मुद्दाम जन्मतारखेवरून पेशंटच्या राशी पाडल्या. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांत ॲस्पिरिनने मृत्यू किंचित वाढल्यासारखे दिसले, बाकीच्या दहा राशींत जोरदार फायदा. (ती सूर्यरास. आपण पत्रिकेत पाहतो ती चंद्ररास, तिने उपगट आणखी वेगळे पडले असते.) तूळ राशीच्या पेशंटला ॲस्पिरिन नाकारायची का? कोणीच नाकारणार नाही. पण राशीऐवजी ‘साठीच्या वरचे मधुमेही पुरुष’ असं लिहिलं असतं तर कित्येकांनी मान डोलावली असती.

उलट दिशेनेही फसगत होते. औषध खरंच सगळ्यांना सारखं लागू पडतं, ट्रायलची पॉवर ८० टक्के आहे, आणि तुम्ही पेशंट खानापूरचे व बाकीचे असे अर्धे-अर्धे तोडले. तर एका भागात ‘लक्षणीय’ आणि दुसऱ्यात ‘नाही’ असं दिसण्याची शक्यता सुमारे ५० टक्के असते. त्यामुळे दोन पी-व्हॅल्यू शेजारी ठेवून ‘इथे लागू, तिथे नाही’ असं म्हणू नका. दोन भागांतल्या परिणामांत फरक आहे का, ही एकच कसोटी करा. तिला इंटरॅक्शनची कसोटी म्हणतात.

दुष्परिणामांना मात्र सहसा अशी दुरुस्ती लावत नाहीत. तिथे धोका नजरेतून सुटणं जास्त महागात पडतं. किती जणांना काय झालं ते आकडे विश्वासांतरासह (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) सगळे द्या.

पायरी ९: सॅम्पल वाढवा आणि लिहून ठेवा

रेघ कडक केली की पेशंट जास्त लागतात. ०.०५ वर ८० टक्के पॉवरसाठी एका गटात १०० लागत असतील तर ०.०२५ वर सुमारे १२१, ०.०१६७ वर १३३, ०.०१२५ वर १४२ आणि ०.०१ वर १४९. चार प्रश्न ठेवायचे आणि सॅम्पल मात्र ०.०५ वर काढायचं, ही सिनॉप्सिसमधली नेहमीची चूक. ही यादी पाहून प्रश्न कमी करावेसे वाटले तर उत्तमच.

नंतर ते तीन ठिकाणी जुळवून लिहा: प्रोटोकॉल, संख्याशास्त्रीय विश्लेषणाची योजना आणि भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणी अर्थात सीटीआरआय. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआयवर पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. तिथे प्रत्येक मोजमाप आणि त्याची वेळ वेगवेगळी भरायची असते. ‘हिमोग्लोबिनमध्ये सुधारणा’ एवढंच भरू नका. ‘बाराव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११ ग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असलेल्यांचं प्रमाण’ असं लिहा. ट्रायलच्या संख्याशास्त्रावरच्या आयसीएच ई-९ या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांतही अनेक कसोट्यांचा हिशेब आधीच योजनेत असावा अशी अपेक्षा आहे. योजनेतला मजकूर असा चालेल:

‘मुख्य कुटुंबात चार गृहीतकं आहेत: दोन इंजेक्शन गटांची गोळ्यांच्या गटाशी तुलना, प्रत्येकी दोन मोजमापांवर. एकूण टू-सायडेड अल्फा ०.०५ असून होल्म पद्धतीने तो राखला जाईल. दुय्यम मोजमापांवर दावा केला जाणार नाही. त्यांचे अंदाज ९५ टक्के विश्वासांतरासह दिले जातील. मध्यंतरी परिणामकारकतेचं विश्लेषण नाही. या योजनेवर कोड उघडण्यापूर्वी सही झाली आहे.’

शेवटच्या वाक्यात प्रत्यक्ष तारीख घाला. (‘टू-सायडेड’ म्हणजे फायदा आणि तोटा अशा दोन्ही दिशा धरून; ‘कोड उघडणं’ म्हणजे कोणाला कोणतं औषध दिलं ते उघड करणं.)

निकाल लिहिताना मूळ आणि दुरुस्त अशा दोन्ही पी-व्हॅल्यू शेजारी द्या. बॉन्फेरोनी वापरली असेल तर विश्वासांतरही त्याच मापाचं हवं: चार प्रश्नांना ९५ नव्हे, ९८.७५ टक्क्यांचं. होल्मला जुळणारं असं साधं अंतर नाही. तिथे साधं ९५ टक्क्यांचं अंतर देऊन ते दुरुस्त केलेलं नाही असं तक्त्याखाली नमूद करा. आणि क्रमात किंवा होल्ममध्ये जिथे थांबलात, त्यापुढच्या ओळी तक्त्यातून काढू नका. त्यांचे आकडे राहू द्या, समोर ‘औपचारिक कसोटी केली नाही’ एवढं लिहा.